भूक आणि पंक्ति

युद्धावरील चित्रपट म्हटला, कीं आपल्या मनांत एक ठराविक चित्र उभें राहतें. निशाणें फडकत आहेत, तोफांचा गडगडाट चालला आहे, आणि एखादा तरणाबांड वीर छातीवर गोळी झेलून धारातीर्थीं देह ठेवीत आहे. शिपाई मरावयाचा तो शत्रूच्या शस्त्रानें, अशी आपली सरळ समजूत असते. भुकेनें, हगवणीनें, हिंवतापानें किंवा नुसतें चालून चालून मेलेल्या शिपायावर कोणी पोवाडा रचीत नाहीं. मीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. रघूचा दिग्विजय वाचीत असतां, इतक्या मोठ्या सेनेला रोजचा शिधा कोण पुरवीत होतें, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानें मला विचारला नाहीं. कोणी विचारता, तर वर्गांतला सर्वांत शहाणा मुलगा म्हणून मीं त्याची पाठ थोपटली असती.

गेल्या दिवाळींत हा प्रश्न अगदीं निराळ्या वाटेनें आमच्या घरांत शिरला. माझा पुतण्या चार दिवस राहावयास आला होता. तो बंगळुरास नोकरीला असतो, आणि देशोदेशींचे जुने चित्रपट मिळवून पाहण्याचा त्याला नाद आहे. एके दिवशीं दुपारीं तो म्हणाला, “काका, लहानपणीं तुम्हीं मला आपद्धर्माच्या कथा सांगितल्या होत्या ना? मग हा एक जपानी चित्रपट पाहाच. काकू, तुम्हीही बसा. मात्र फराळाचें ताट आधीं आंत ठेवून या.” ताट आंत ठेवण्याचा अर्थ आम्हां उभयतांना पुढें दोन घटकांतच कळून आला.

चित्रपटाचें नांव ‘नोबी’, म्हणजे माळरानावरील अग्नि. कोन इचिकावा या दिग्दर्शकानें तो १९५९ सालीं काढला. पटकथा त्याची पत्नी नात्तो वादा हिनें लिहिली. मूळ कादंबरी शोहेइ ओओका या लेखकाची, १९५१ सालची. हा लेखक फ्रेंच वाङ्मयाचा व्यासंगी. स्तांदालच्या ग्रंथांचीं भाषांतरें करणारा. १९४४ सालीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, त्याला सैन्यांत ओढलें गेलें व फिलिपाइन्समधील मिंदोरो बेटावर पाठविण्यांत आलें. हिंवतापानें जर्जर झालेला असतां जानेवारी १९४५ मध्यें तो अमेरिकनांच्या हातीं सांपडला. त्यापूर्वीं एक तरुण अमेरिकन शिपाई त्याच्या बंदुकीच्या टप्प्यांत आला होता. पण ओओकानें गोळी झाडली नाहीं. आपण ती कां झाडली नाहीं, याचा शोध तो पुढें आपल्या आठवणींत मोठ्या कसोशीनें घेतो. पंडिताचें मन आणि शिपायाचें हाल झालेलें शरीर एकाच मनुष्यांत नांदल्यावांचून असली कथा लिहिली जात नाहीं.

कथेचें स्थळ फिलिपाइन्समधीलच लेते हें बेट. २० ऑक्टोबर १९४४ रोजीं अमेरिकन सैन्य तेथें उतरलें. ७ डिसेंबर रोजीं त्याची दुसरी तुकडी पश्चिम किनाऱ्यावर ऑर्मोकनजीक उतरली, आणि जपानी सैन्याची रसद तुटली. शिपाई होते, बंदुका होत्या; शिधा मात्र नव्हता. चित्रपट सुरू होतो तो या अवस्थेंत, आणि त्याचें पहिलेंच दृश्य एका चपराकीचें आहे. तामुरा नांवाचा क्षयी शिपाई इस्पितळांतून परत आला, म्हणून त्याचा नायक त्याच्या श्रीमुखांत देतो. आजारी मनुष्य खंदक खणीत नाहीं, अन्न शोधून आणीत नाहीं. मग त्याला पोसावें कोणीं? इस्पितळवाले म्हणतात, ज्याला चालतां येतें तो रोगी नव्हे. नायक म्हणतो, पुन्हां इस्पितळांत जा. त्यांनीं घेतलें नाहीं, तर तुझ्याजवळ हातगोळा आहे, त्याचा उपयोग कर. मूठभर कंद हातावर ठेवून त्याला वाटेस लावण्यांत येतें. स्वतःच्या तुकडीनें टाकलेला, इस्पितळानें नाकारलेला असा हा मनुष्य पुढें सारें बेट पायांखालीं घालतो. दूरवर धुराचे लोट दिसत असतात. ते शेतकऱ्यांनीं पाचोळा जाळल्याचे, कीं शत्रूच्या हेरांचे इशारे, हें त्याला कळत नाहीं.

त्याच्या भ्रमंतीची सर्व कथा येथें सांगत नाहीं. दोन प्रसंग मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एका ओस पडलेल्या गांवांत तो शिरतो. तेथें एक तरुण जोडपें होडींतून येतें. स्त्री किंकाळी फोडते, आणि भीतीच्या भरांत तामुरा तिला गोळी घालतो. पुरुष होडी वल्हवीत पळून जातो. जोडपें कशासाठीं आलें होतें म्हणून पाहावें, तों घराच्या फळ्यांखालीं मीठ लपविलेलें! मिठासाठीं आलेली ती बिचारी जिवाला मुकली. तो मीठ भरून घेतो आणि बंदूक नदींत फेंकून देतो. पुढें भेटलेल्या शिपायांत त्याला जागा मिळते ती त्या मिठाच्या पुण्याईनें. आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागणें’ म्हणतात. येथें मीठ आहे. पण कोणीं कोणाच्या मिठाला जागावें, हें सांगणारा कोणी उरलेला नाहीं.

दुसरा प्रसंग जोड्यांचा. पाऊस कोसळत आहे, चिखलांतून शिपायांची रांग पालोम्पोन बंदराकडे चालली आहे. तेथून जहाज मिळेल अशी आशा. वाटेंत एक जोडा पडलेला. एक शिपाई आपला फाटका जोडा टाकून तो घालतो. मागून येणारा त्याचा टाकलेला जोडा उचलतो व स्वतःचा त्याहून फाटका तेथें ठेवतो. असें होतां होतां तामुराच्या वाट्याला जो जोडा येतो त्याला तळच नाहीं! तो त्याच्याकडे पाहतो, स्वतःच्या जोड्याकडे पाहतो, आणि दोन्ही सोडून अनवाणी चालूं लागतो. एक शब्द नाहीं, एक हुंदका नाहीं. आमच्या घरांत तेव्हां कोणी हंसलेंही नाहीं आणि कोणी रडलेंही नाहीं. आणि ज्या बंदरासाठीं ही पायपीट चालली होती, तें पालोम्पोन लढाईंत २५ डिसेंबर १९४४ रोजींच अमेरिकनांच्या हातीं गेलें.

शेवटीं तामुराला दोन जुने ओळखीचे शिपाई भेटतात. यासुदा हा पायानें अधू झालेला, तंबाखूचा सांठा जवळ बाळगून सौदे करणारा. आणि नागामात्सु हा त्याच्यासाठीं रानांत हिंडणारा पोरगेला शिपाई. ते ‘माकडाचें मांस’ खाऊन जगत असतात. तें मांस कशाचें, हें वाचकांना सांगावयास नको. त्यापूर्वींच वाटेंत भ्रम झालेल्या एका मरणोन्मुख मनुष्यानें, मी मेलों कीं मला खा, असें तामुराला सांगितलेलें असतें, आणि तामुरा तेथून दूर गेलेला असतो. हे दोघे त्याला मांस देतात. तो तुकडा तोंडांत घालतो, पण हिरड्या सडल्यामुळें त्याचा दांतच गळून पडतो. पुढें नागामात्सु यासुदाला गोळी घालतो व त्याच्या प्रेतावर तुटून पडतो. तें पाहून तामुरा नागामात्सुला ठार करतो.

चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग पुतण्या म्हणाला, “काका, धर्म, नीति, मर्यादा हें सारें पोट भरल्यावरचें बोलणें आहे. चार महिने अन्न मिळालें नाहीं, म्हणजे तुम्ही काय नि मी काय, सगळे सारखेच. तामुरानें खाल्लें नाहीं असें म्हणाल, तर तें त्याच्या दांतांनीं खाल्लें नाहीं. त्याच्या धर्मानें नव्हे.”

हें बोलणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. ज्यानें आयुष्यभर मुलांना मर्यादा शिकविल्या, त्याच्या सर्व कमाईवरच तो घाला होता. त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या मी जुन्या कथा आठवूं लागलों.

महाभारताच्या शांतिपर्वांत विश्वामित्राची कथा आहे. बारा वर्षें अवर्षण पडलें, गांवें ओस पडलीं. भुकेनें व्याकूळ झालेला तो महर्षि एका चांडाळाच्या घरीं रात्रीं कुत्र्याची तंगडी चोरावयास गेला. घरधनी जागा झाला, आणि त्यानेंच ऋषीला धर्म सांगितला कीं, हें तुम्हांला शोभत नाहीं. वाद मोठा रंगला आहे. ऋषीचें म्हणणें असें कीं, आधीं जगावें. जिवंत राहिलेला मनुष्य पुढें धर्म आचरूं शकतो. त्यानें तंगडी नेली, अग्नि सिद्ध केला, आणि स्वतः खाण्यापूर्वीं देवांचे व पितरांचे भाग काढूं लागला. त्याच वेळीं इंद्रानें पर्जन्य पाडला. ज्याला आम्हीं पिढ्यान् पिढ्या पंक्तीला बसूं दिलें नाहीं, त्याच्याच तोंडीं व्यासांनीं ऋषीला अडविणारा धर्म घातला आहे, ही गोष्ट आमच्यासारख्या घरांनीं विसरण्याजोगी नाहीं.

छांदोग्य उपनिषदांतील उषस्ति चाक्रायणाची कथा मला याहूनही सूक्ष्म वाटते. कुरुदेशांतील पीक बुडालें होतें. उषस्ति आपल्या पत्नीसह एका माहुताच्या गांवीं हलाखींत राहत होता. एक मनुष्य हलक्या प्रतीचे उकडलेले कुळीथ खात बसला होता. त्याच्याजवळ उषस्तीनें तेच मागितले. त्यानें ते दिले आणि वर पाणीही देऊं केलें. उषस्ति म्हणाला, पाणी नको. तें उष्टें होईल. मग कुळीथ उष्टे नव्हते काय, असें विचारतां त्यानें उत्तर दिलें कीं, ते खाल्ले नसते तर मी जगलों नसतों. पाणी मात्र मला हवें तेथें मिळेल. गरजेची रेषा जेथें संपली तेथें तो थांबला. आणि उरलेले कुळीथ त्यानें बायकोसाठीं घरीं नेले! ही कथा वर्गांत सांगतांना मुलांचें सारें लक्ष पाण्याकडे लागे. त्या रात्रीं माझें लक्ष बायकोकडे लागलें.

आतां कोणी म्हणेल, ऋषींच्या गोष्टी ऋषींपाशीं, शिपायांचें काय? तर शिपायांचें उदाहरणही आपल्या घराजवळचेंच आहे. पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांतील कूत येथें जनरल टाउनशेंड यांची सहावी, म्हणजे पुणें डिव्हिजन, ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यांत अडकली. तींत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शिधा संपत आला तेव्हां घोड्यांचें व खेंचरांचें मांस वाटण्यांत येऊं लागलें. गोऱ्या सैनिकांनीं तें खाल्लें. हिंदी सैनिकांपैकीं पुष्कळांनीं कित्येक आठवडे नाकारलें. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंकडून संमति मागविण्यांत आली आणि ती बिनतारी संदेशानें पोंचलीही. तरी शिपाई कचरत होते. शास्त्राची आज्ञा हातीं आली; पण गांव काय म्हणेल? घरीं परतल्यावर पंक्तीला कोण घेईल, सोयरीक कोण करील? अखेर एप्रिलमध्यें हजारोंनीं तें मांस खाल्लें, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सर्व सैन्य शरण गेलें. पुढें कैदेच्या वाटेवर व छावण्यांत त्यांच्यापैकीं किती तरी मृत्युमुखीं पडले.

घोड्याचें मांस न खाण्यांत शहाणपण होतें असें माझें म्हणणें नाहीं. खाल्लें असतें तर अशक्तपणा कमी आला असता, हें उघड आहे. पण पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडूं लागलें. पोट रिकामें होतें तरी मर्यादा टिकून होती. आणि ती टिकली होती ती हजारों कोसांवरच्या एका गांवाच्या जोरावर, जें गांव उद्यां आपल्याला विचारणार आहे. त्या विचारण्यांत जाच होता, तसें आपलेपणही होतें. कोणी तरी विचारणार आहे याचाच अर्थ, आपण कोणाचे तरी आहों.

तामुराला विचारणारें कोण होतें? दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना मीं हा प्रश्न काढला, तेव्हां आमच्या घरांतून उत्तर आलें, “अहो, त्यांत एवढें शास्त्र कशाला पाहतां? आजारी माणूस दारीं आला आणि त्याला थप्पड देऊन परत पाठविला, तेथेंच सगळें बिघडलें. पुढचें मांसबिंस नंतरचें.” मला जें रात्रभर चाळून सांपडलें नव्हतें, तें हिनें दूध उतूं जाऊं न देतां सांगून टाकलें.

खरोखर, त्या चित्रपटांतला पहिला नरभक्षक नागामात्सु नव्हे. ज्यानें शिपाई पाठविले आणि शिधा पाठविला नाहीं, तो पहिला. अकिरा फुजिवारा नांवाच्या जपानी इतिहासकारानें २००१ सालीं एका ग्रंथांत असें मांडलें, कीं त्या युद्धांत मेलेल्या जपानी सैनिकांपैकीं निम्म्याहून अधिक लढून मेले नाहींत. ते उपासमारीनें व तिच्यामागून येणाऱ्या रोगांनीं मेले. मनुस्मृतींत राजधर्म सांगतांना भुकेल्या श्रोत्रियाची जबाबदारी राजावर टाकली आहे. ज्याला राजानें स्वतः घरांतून ओढून रानांत नेलें, त्या भुकेल्या शिपायाची जबाबदारी तर दुप्पट म्हटली पाहिजे. आपद्धर्माची चर्चा करतांना आपण नेहमीं आपत्तींत सांपडलेल्याचे अपराध मोजतों. आपत्ति आणणाऱ्याचा हिशेब मागण्याचें राहूनच जातें.

मला माझ्या लहानपणचें १९७२ सालचें दुष्काळी वर्ष आठवतें. माणदेशांतील आमच्या गांवच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. अमेरिकेंतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी घरोघर होत. निम्मा गांव खडी फोडण्याच्या कामावर जाई. तेथें सुकडी मिळे. त्या वर्षीं कोणी कोणाचें चोरून खाल्लें नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. पण रोज सकाळीं कामावर हजेरी होई, नांवें पुकारलीं जात, आणि एखाद्याचें नांव पुकारल्यावर ‘हजर’ आलें नाहीं, तर संध्याकाळपर्यंत कोणी तरी त्याच्या दारीं जाऊन येई. आमचे वडील गांवचे जोशी. दक्षिणा जवळजवळ बंद झालेली. ते आम्हां भावंडांना सांगत, “थोडें खा, पण दार लावून खाऊं नका.” भाकरी पुरी नव्हती, परंतु कोणाला मिळाली नाहीं, हें सर्वांना ठाऊक असे. तामुराचें नांव हजेरीपटावरून खोडलें गेलें होतें, आणि तें त्याच्या स्वतःच्या नायकानें खोडलें होतें. दोन्ही भुकांमधला हा भेद मला फार मोठा वाटतो.

म्हणून पुतण्याला मीं जें सांगितलें तें असें: “बाळ, धर्म पोट भरल्यावरचा नव्हे, तसा तो रिकाम्या पोटीं एकट्यानें पेलण्याचाही नव्हे. तो पंक्तीचा आहे. विश्वामित्रानें आधीं देवांचा भाग काढला, उषस्तीनें बायकोसाठीं घांस ठेवला. म्हणजे भुकेंतही त्यांची पंक्ति मोडली नव्हती. पंक्तींतून उठवून लावलेल्या मनुष्याकडून मर्यादेची अपेक्षा करणें हा अन्याय आहे. आणि इतकें होऊनही त्यानें ती थोडी जरी राखली, तर तो चमत्कार आहे.”

“पण दांतांचें काय?” त्यानें सोडलें नाहीं. दांतांचें खरें आहे. मनुष्य मर्यादेच्या अलीकडे राहतो तो दर वेळीं स्वतःच्याच बळावर राहतो असें नाहीं. कधीं लाज आड येते, कधीं भीति, कधीं नुसती दुबळी हिरडी. ज्याला दैवानें एकदां अडविलें, तो पुढच्या वेळीं काय करतो हें पाहावें. तामुरानें बंदूक नदींत टाकली होती; तरीही नागामात्सुला त्या अवस्थेंत पाहतांच त्यानें पुन्हां बंदूक उचलली. ती गोळी न्यायाची होती असें मी म्हणत नाहीं. पण तिच्यामागें भूक खचित नव्हती.

आणि आपल्या कथांप्रमाणें येथें पाऊस पडत नाहीं. विश्वामित्रासाठीं इंद्र धांवला, उषस्तीला राजाच्या यज्ञांत मान मिळाला; तामुराला कांहींच मिळत नाहीं. कादंबरींत तो जिवंत राहतो व वेड्यांच्या इस्पितळांतून आपली हकीकत लिहितो. इचिकावानें तेवढाही आसरा ठेवलेला नाहीं. शेवटच्या दृश्यांत दूरच्या माळावर पुन्हां तोच धूर दिसतो. कोकणांत राब भाजतांना डोंगरउतारावर दिसतो तसा, साधा, शेतांतला धूर. तेथें शत्रु असूं शकतो, हें तामुराला पुरतें माहीत आहे. शरण निघालेला दुसरा शिपाई गोळीला बळी पडलेला त्यानें पाहिला आहे. तरी दोन्ही हात वर करून तो त्या धुराकडे चालूं लागतो. शेत पिकविणारीं, चूल पेटविणारीं, नेहमींसारखीं जगणारीं माणसें एकदां पाहावीं, एवढीच त्याची इच्छा आहे. समोरून गोळ्या येतात आणि तो माळावर कोसळतो.

पुतण्याला जातांना हिनें चिवड्याचा डबा दिला. तो म्हणाला, “काकू, एकट्याला हा फार होईल.” ही म्हणाली, “मग एकट्यानें खाऊं नकोस.”